गवळी राजाचा चौथरा: वर्धा जिल्ह्यात मेटल डिटेक्टर घेऊन

पौष सुरू झाला होता. कपाशीची शेवटची वेचणी आटपत आली होती आणि तूर शेंगांनी लवली होती. विदर्भातल्या उजाड जागा पाहत फिरायचं तर हाच काळ बरा. गवत वाळून बसलेलं असतं, पांधणी कोरड्या असतात आणि दुपारचं ऊनही अंगावर घ्यावंसं वाटतं.

माझा एक मित्र आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. त्याच्याकडे मेटल डिटेक्टर आहे. त्याच्या काकांचं शेत समुद्रपूर तालुक्यात, आणि शेताच्या वरच्या अंगाला एक दगडी चौथरा आहे. तो कुणी बांधला, कशासाठी बांधला, गावात कुणीच सांगू शकत नाही. म्हणायला सगळे 'गवळी राजाचा' म्हणतात. दिवाळीनंतर एका रात्री तिथं कुणीतरी खड्डा खणून गेलं, तेव्हा काकांनी फोन केला. "तुमचं ते मशीन घेऊन या, अन् खाली काय हाय ते एकदाचं सांगून टाका. माझ्या वावरात रातच्यानं लोकं फिरून राहिले, मले ते पटत नाही."

गावाचं नाव मी देणार नाही. दिलं तर ते वाचून पहिल्यांदा कोण तिथं पोचेल, हे विदर्भातल्या कुणालाही सांगायला नको.

शुक्रवार: जुनापाणी, टाकळघाट, हिंगणघाट

सकाळी नागपुरात तर्री-पोहे खाल्ले आणि थेट समुद्रपूर न गाठता आधी उलट्या दिशेला, काटोल रोडने जुनापाणीला गेलो. शेतातलं अनोळखी बांधकाम पाहायला जायचं तर ओळखीची जागा आधी डोळ्याखालून घालावी, असं मला वाटतं. जुनापाणीच्या माळावर काळ्या दगडांच्या गोट्यांची वर्तुळं पसरलेली आहेत. लोहयुगातल्या लोकांनी आपल्या मृतांसाठी मांडलेली ही शिलावर्तुळं. काही गोट्यांवर मुद्दाम कोरलेले गोल खळगे आहेत, ओळीत. सकाळचं ऊन तिरपं असताना ते नीट दिसतात; डोक्यावर आलं की पुसल्यागत होतात. म्हणून जायचं तर नऊच्या आत जा. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने 1879 मध्ये इथल्या वर्तुळांवर लिहिलं, त्यालाही आता जवळजवळ दीडशे वर्षं होतील.

इथं आमचं मशीन डिक्कीतच कुलूपबंद होतं. जुनापाणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. 1958 च्या कायद्याने संरक्षित जागेवर परवान्याशिवाय खोदकाम करता येत नाही आणि 2010 च्या दुरुस्तीनंतर संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला आणि खोदकामाला बंदी आहे. त्यापुढच्या 200 मीटरमध्येही परवानगी लागते. डिटेक्टर घेऊन अशा जागी नुसतं उभं राहिलं तरी चौकीदाराने शंका घेतलीच पाहिजे, आणि तो घेतो तेव्हा त्याचं बरोबर असतं.

टाकळघाट दुसऱ्या टोकाला, बुटीबोरीकडे. कारखान्यांच्या रस्त्याने जाताना इथं तीन हजार वर्षांच्या आसपासचं काही असेल असं वाटत नाही. पण 1968-69 मध्ये नागपूर विद्यापीठाने शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली टाकळघाट आणि खापा इथं उत्खनन केलं आणि विदर्भाच्या लोहयुगाचा अभ्यास खऱ्या अर्थाने मार्गी लागला. त्याच्याही शंभर वर्षं आधी स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप इथं यायचे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच. 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून ते घोड्यावरून परत निघाले, वाटेत नाल्याला पूर आला होता, त्यात ते बुडाले. मी कॉलेजच्या फाटकासमोरून वर्षानुवर्षं गेलो असेन, पण तो माणूस या दगडांपायी गेला हे मनात नीट उतरलं ते त्या नाल्याच्या मुलखातून गाडी जाताना. नाल्याला आता घोटाभर पाणी होतं आणि एक बाई त्यात म्हशी धूत होती.

हिंगणघाटला पोचेपर्यंत उन्हं कलली. तिथं थांबायचं कारण विल्यम लॅम्बटन. 1802 मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून ज्यांनी भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली, ते लॅम्बटन हैदराबादहून नागपूरला मुक्काम हलवत असताना 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाटला वारले. त्यांची कबर इथंच आहे. त्यांच्या मोजणीची मुख्य रेषा साधारण 78 अंश रेखांशाला धरून दक्षिणेतून वर येते, म्हणजे आमच्या या मुलखातूनच. टेकड्यांच्या माथ्यावर दगडी चौथरे, खुणेचे दगड, कोन मोजायचं अर्धा टन वजनाचं थिओडोलाइट वर चढवायच्या वाटा, असं बरंच काही त्या मोजणीने मागे ठेवलं. काकांचा चौथरा उंचावर आहे, चारी दिशा मोकळ्या आहेत, हे मित्राने आधी सांगितलं होतं. त्यामुळे लॅम्बटन माझ्या डोक्यात होतेच.

रात्री काकूंनी सोले-वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकर वाढली. तुरीचे ओले सोले तेलात परतून, लसूण-मिरचीचं वाटण घालून केलेली ही भाजी वर्षातून दीड-दोन महिनेच होते. नागपुरात मिळतात ते सोले दोन दिवसांचे असतात; इथं शेंगा संध्याकाळी तोडून आणल्या होत्या आणि आजी आमच्यासमोर सोलत बसल्या होत्या. हा फरक जिभेला लगेच कळतो.

शनिवार: गढी, थ्री फेज आणि पाइप

सकाळी इतकी धुई पडली होती की अंगणातली बंडी दिसत नव्हती. नऊनंतर ती फाटली तसे गावातल्या गढीकडे निघालो. विदर्भात जुन्या गावाला गढी असतेच: पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, कोपऱ्याला बुरूज, आत कधीकाळी मालगुजाराचा नाहीतर देशमुखाचा वाडा. इथला वाडा गेला आहे. भिंती आहेत, पण दर पावसाळ्यात खांदाभर खचतात, कारण ती पांढरी माती लोक घरं सारवायला आणि शेतात टाकायला नेतात. यात लोकांचा दोष मी धरत नाही. पण त्या मातीत खापरं, मणी, हाडं, जुन्या चुलींची राख हे सगळं असतं, आणि एका ट्रॉलीबरोबर किती वर्षं वावरात जाऊन विस्कटतात ते ट्रॉली भरणाऱ्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

गढीची जागा ग्रामपंचायतीच्या ताब्यात आहे, म्हणून सरपंचांना विचारून आणि पोलीस पाटील ताईंना सोबत घेऊनच मशीन सुरू केलं. इथं एक सांगून ठेवतो: खाजगी शेत असेल तर सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याची परवानगी हवी, आणि ती चार ओळींत लिहून घ्यावी. भावकीत वाद असेल तर तिथं जाऊच नये. पोलीस पाटलांना आदल्या दिवशी कळवलं तर गावात अफवा उठत नाहीत. अमावस्येच्या आसपासचे दिवस टाळावेत आणि अंधार पडल्यावर मशीन बॅगेबाहेर काढूच नये.

गढीच्या आवारात मशीन थांबायचं नावच घेईना. लोखंडाला ते खालच्या पट्टीत घुरघुरतं, तांब्या-चांदीला वरच्या सुरात बोलतं. इथं दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून येत होते. वरवर पडलेल्या वस्तू उचलल्या तर बैलाचा झिजलेला नाल, बंडीच्या चाकाच्या धावेचा तुकडा, वखराच्या पासेचं टोक, दाराची कडी आणि दारूच्या क्वार्टरची ॲल्युमिनियमची झाकणं. झाकणं भरपूर. त्यांचा आवाज तांब्याच्या नाण्याशी इतका जुळतो की नवख्याला दिवसभर फसवतील. आम्ही ती पिशवीत भरून आणली, कारण पुढच्या माणसाला तेवढाच गोंगाट कमी. बाकी सगळं होतं तिथं ठेवलं.

पोरांचा घोळका होताच. त्यात एक म्हातारे आजोबा काठी टेकत आले, धोतराच्या कनवटीतून कापडाची पुरचुंडी काढली आणि तळहातावर एक नाणं ठेवलं. "हे पाहा. भिंत पडली तवा घावलं. आमी देवात ठेवतो." तांब्याचा जाड पैसा, कडा हाताळून गुळगुळीत झालेल्या. एका बाजूला ढालीच्या दोन्ही अंगांना निशाण धरून उभे असलेले दोन सिंह, खाली 1835. दुसऱ्या बाजूच्या पानांच्या वर्तुळात कुंकू इतकं घट्ट बसलं होतं की अक्षरं बोटानेच वाचावी लागली. ईस्ट इंडिया कंपनीचा पाव आणा. बाजारात याला फार मोल नाही, तो लाखोंनी पाडला होता. आजोबांना मी तेच सांगितलं, आणि हेही सांगितलं की तो गढीच्या भिंतीत सापडला म्हणजे भिंतीचा तेवढा भाग 1835 च्या आधीचा नाही, किंवा निदान नंतर कुणीतरी तो लिंपला आहे. ते बराच वेळ त्या भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मंग माझा पणजा त्या कामाले असन." त्यांच्या घराण्याचं काम गवंड्याचंच.

दुपारी शेतात गेलो तर मशीन वेड्यासारखं करायला लागलं. दर सेकंदाला टक, टक, टक. मित्राने मान वर करून बघितलं आणि धुऱ्यावरच्या तारेकडे बोट दाखवलं. रानडुकरं आणि रोही यांच्यासाठी लावलेली झटका मशीन. तारेत थांबून थांबून विजेचा ठोका जातो आणि डिटेक्टरचं वेटोळं तो लांबूनच पकडतं. काकांनी ती बंद केली तरी डोक्यावरच्या थ्री फेज लाइनची गुणगुण राहिलीच. ती थांबली दोन वाजता, शेतीची लाइन गेली तेव्हा. लोडशेडिंगचं वेळापत्रक आधी विचारून घ्या. ज्या तासांत शेतकरी हातावर हात धरून बसलेला असतो, त्याच तासांत मशीन सगळ्यात चांगलं ऐकतं.

ते कसं ऐकतं, थोडक्यात सांगतो. वेटोळ्यातून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो, त्याचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरतं, धातू असेल तर त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि ते आपलं क्षेत्र परत धाडतात. परत आलेलं किती मागे पडलं यावरून धातूचा अंदाज येतो. नाण्याएवढी वस्तू वीतभर खोल असेल तोवर कळते, त्याखाली अवघड. आमच्या काळ्या जमिनीत आणखी एक अडचण आहे. ती बेसॉल्टपासून झालेली, तिच्यात चुंबकी खनिजं भरपूर, त्यामुळे नुसती मातीच आवाज करते. म्हणून प्रत्येक नव्या वावरात वेटोळं वर-खाली हलवून मशीनला ती माती आधी ओळखायला लावावी लागते. आणि काळी माती स्थिर नसते. उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, वरच्या वस्तू खाली जातात, पावसात माती फुगते आणि खालचं वर ढकलते. काळ्या वावरात काय किती खोल मिळालं यावरून वय ठरवायला गेलं तर फसगत नक्की.

काकांना या सगळ्यातून भलतंच सुचलं. "मंग जमिनीतला लोखंडी पाइप सापडन काय?" त्यांच्या वडलांनी विहिरीपासून खालच्या वावरापर्यंत लोखंडी पाइपलाइन पुरली होती. वडील गेले, लाइन कुठून गेली ते कुणाला आठवत नव्हतं, आणि मधे कुठंतरी जोड गळत होता. विहिरीच्या काठापासून सुरुवात केली. पाइपचा आवाज सलग आणि ठाम, चुकायला जागाच नाही. काकूंनी मागून चुन्याची रेघ मारत आणली. निम्म्या वावरात रेघ एका बाभळीला वळसा घालून गेली आणि काका एकदम थांबले. "बाबानं बाभूळ तोडली नाही. पाइप वळवला." पुढे एका ठिकाणी आवाज रुंदावला, तिथं काकांनी स्वतः कुदळ घातली. जोड निघाला, रबर कुजलेलं. संध्याकाळपर्यंत गावात चौथऱ्याचं नाव मागे पडलं आणि पाइपचं पुढे झालं.

रात्री शेकोटीला पोलीस पाटील ताई आणि त्यांचे यजमान आले. उकडलेल्या तुरीच्या शेंगा मीठ लावून मधे ठेवल्या होत्या. बोलणं गुप्तधनावर आलंच. हंडा, त्यावरचा नाग, भुयार थेट नागपूरच्या किल्ल्यापर्यंत, आणि पायाळू माणूस. पायाकडून जन्मलेल्याला जमिनीतलं धन दिसतं असा समज आहे, म्हणून मांत्रिक अशा पोरांना हुडकत फिरतात. ताई म्हणाल्या, "आमच्या इथं एक पायाळू पोरगी हाय. तिची माय तिले अमावस्येले एकटी कुठी पाठवत नाही. भूताले भेत नाही ते, माणसाले भेते." 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल होतो हे त्यांना कलमासकट पाठ होतं. मी त्यांना 1878 च्या निखात निधी कायद्याचं सांगितलं: जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक. लपवलं तर वर्षभर कैद होऊ शकते. मूळ मालक कुणी निघाला नाही आणि आपसात काही ठरलं नसेल, तर कायद्यातच वाटणी दिली आहे, तीन हिस्से सापडवणाऱ्याचे आणि एक जमीनमालकाचा. शेकोटीभोवतीच्या कुणालाही हे माहीत नव्हतं. रीतसर कळवलं तरी हाती काही येऊ शकतं, हे गावागावांत सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं. भीतीपोटी वितळवून टाकलेलं किती असेल! 1939 मध्ये विदर्भातल्याच तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या नाण्यांचा साठा सापडला आणि इतिहास संशोधक वा. वि. मिराशींच्या हाती अभ्यासाला आला, म्हणून काही राजांची नावं आपल्याला कळली. तो भांड्याच्या दुकानात गेला असता तर ती नावंही गेली असती.

रविवार: चौथरा

चौथरा शेताच्या वरच्या टोकाला, जिथं काळी माती संपून मुरमाड माळ सुरू होतो तिथं. तासलेल्या काळ्या दगडांचे तीन थर शिल्लक, बाजू साधारण चार-चार पावलं, सांध्यात चुना. वरचा भाग ढासळलेला. मी आधी माथ्यावर गेलो. सर्वेक्षणाचं ठाणं असतं तर दगडावर वर्तुळ आणि मधे बिंदू अशी खूण असायची शक्यता होती. मधला दगडच जागेवर नव्हता. माथ्यावरून गिरडची टेकडी मात्र स्वच्छ दिसत होती.

चौथऱ्याला लागून तो खड्डा. माणूस उभा राहील एवढा खोल. काठावर कुंकवाचे डाग, वाळलेली लिंबं, फुटका नारळ. खणणाऱ्यांनी चौथऱ्याचे पाच-सहा दगड उखडून बाजूला फेकले होते.

मशीनला हात लावण्याआधी दोरी ताणून चौकोन आखले, बांबूच्या काड्यांना चिंध्या बांधून झेंड्या केल्या. लोखंडाला लाल, बाकीला पांढरी. बूट साधे घालावेत, टाचेत खिळे नकोत. मोबाइल खिशात नको. कानाला हेडफोन हवा, नाहीतर वाऱ्यात हलके आवाज निसटतात. एका सरळ रेषेत जायचं, वेटोळं जमिनीलगत आडवं फिरवायचं, आवाज आला की नव्वद अंशात वळून पुन्हा त्याच जागेवर यायचं. दोन्हीकडून आला तरच झेंडी.

दहा वाजेपर्यंत पांढरी झेंडी एकच लागली होती आणि लाल मात्र बऱ्याच. सगळ्या चौथऱ्याच्या पूर्वेला, एकाच भागात दाटलेल्या. आम्ही दोघं त्यावर डोकं खाजवत होतो तेव्हा शेळ्या घेऊन आलेला एक गुराखी बराच वेळ उभा राहून बघत होता. तो म्हणाला, "तुमचे झेंडे गोट्याच्या आत हायेत." आम्हाला कळेना. त्याने काठीने दाखवलं. गवतात अर्धे बुडालेले काळे गोटे, एकामागोमाग एक, वळत गेलेले. शेळ्या दुपारी त्याच गोट्यांना टेकून बसतात, म्हणून त्याला ते पाठ होते. आम्ही चालत गेलो तशी अर्ध्याहून जास्त गोलाई जुळली आणि उरलेली चौथऱ्याखाली शिरली. शुक्रवारी जुनापाणीला जे पाहिलं होतं तेच. चौथरा ज्याने कुणी बांधला, त्याने तो एका जुन्या शिलावर्तुळाच्या कडेवर बांधला होता.

मग खालच्या घळीत उतरलो. पावसाच्या पाण्याने तिथली माती कापून नेली आहे आणि तळाला काळे जड तुकडे पडले होते. एक उचलला. मुठीएवढा, पण त्या मानाने भलताच जड. वरची बाजू गुळाचा पाक ओतून थिजवल्यासारखी, लाटा-लाटांची. मोडलेल्या अंगाला बुडबुड्यांची भोकं आणि तांबूस गंज. चुंबक जेमतेम चिकटलं. लोखंड गाळताना निघणारी मळी. पारशिवनी तालुक्यात नैकुंडला 1978 ते 1980 या काळात झालेल्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टीच मिळाली, सुमारे 2700 वर्षांपूर्वीची. त्यामुळे विदर्भातले हे लोक लोखंड कुठून तरी आणून वापरत नव्हते, स्वतः गाळत होते, हे पक्कं झालं. आमच्या घळीतली मळी त्याच काळातली आहे असं मी म्हणणार नाही. लोखंड गाळणं या मुलखात नंतरही पुष्कळ चाललं. पण काकांच्या वावरात ज्याला लोक सोनं समजून खणत होते, ते लोखंड होतं, एवढं दुपारपर्यंत स्वच्छ झालं.

खड्ड्यात मी शेवटी उतरलो. भिंतीत थर दिसत होते: वर मुरूम, मग राखट पट्टा, त्यात आतून काळ्या आणि बाहेरून तांबड्या मडक्यांची खापरं. राखेच्या खालच्या कडेला, कोपराएवढ्या खोलीवर, एक चपटं लोखंड बाहेर डोकावत होतं. दोन बोटं रुंद, गंजाचे पापुद्रे सुटलेलं, त्यावर एक आडवी पट्टी गुंडाळल्यासारखी. विदर्भातल्या या वर्तुळांत दांड्याला आडव्या पट्ट्यांनी जखडलेल्या लोखंडी कुऱ्हाडी मिळतात, हे मी फोटोत पाहिलं होतं. माझे हात थंड पडले.

मित्राचा चुलतभाऊ वरून म्हणाला, "ओढा नं, निघूनच आली ते." काकाही वाकून बघत होते. मी त्यांना नागपूरजवळच्या माहुरझरीच्या उत्खननाचं सांगितलं. तिथं पुरलेल्या घोड्याच्या तोंडावर तांब्याची आभूषणं मिळाली, जबड्यात लोखंडी लगाम. ती आभूषणं घोड्याची होती हे आज आपल्याला कळतं, कारण ती घोड्याच्या डोक्यावर असतानाच कुणीतरी ब्रशने माती झटकून पाहिली. तीच कुणी ओढून काढून पिशवीत टाकली असती तर तांब्याचा पत्रा म्हणून विकली गेली असती. या लोखंडाच्या आत, एक हात पुढे, काय आहे ते आपल्याला माहीत नाही. ते जसं आहे तसंच राहिलं तर एक दिवस कळेल. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग पुतण्याला म्हणाले, "घमेलं आण."

मोजपट्टी लावून फोटो काढले, मोबाइलवर अक्षांश-रेखांश नोंदवले, झेंड्यांचा नकाशा वहीत उतरवला. मग मऊ माती हाताने त्या लोखंडाभोवती दाबून खड्डा भरला. काकांनी वरून बाभळीच्या काटेरी फांद्या टाकल्या. आम्ही स्वतः एक चमचाभरही माती खणली नाही आणि मळीचे तुकडेही घळीतच ठेवले.

जेवण शेतातच. काकूंनी गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजले होते, वरून राख झटकायची, हाताने फोडायचे, आत तूप सोडायचं. सोबत चुलीवरची वांग्याची भाजी, तिला तेलाची तर्री. गुराख्यालाही बसवलं. त्याच्या ताटात काकूंनी तूप जरा जास्तच वाढलं.

वाघाचं सांगायला हवं. हा भाग जंगलाला लागून आहे आणि वाघ फिरतात. सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर माळावर थांबू नका, हेडफोन घालून तर मुळीच नाही. एकाने मशीन चालवावं आणि दुसऱ्याने नुसतं आजूबाजूला बघत उभं राहावं.

सोमवार: समुद्रपूर, गिरड, परत

काकांच्या सहीचं पत्र, फोटो आणि नकाशा घेऊन तहसील कार्यालयात गेलो. एक प्रत तिथं दिली, एक राज्य पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयासाठी आणि एक विद्यापीठाच्या प्राचीन इतिहास व पुरातत्त्व विभागासाठी ठेवली. पोच मागून घ्या, तारीख आणि शिक्का असलेली. पुढच्या वेळी कुणी रात्री खणताना सापडलं तर शेतकऱ्याच्या बाजूने तो कागद उभा राहतो.

परतताना गिरडला थांबलो. टेकडीवर शेख फरीद यांचा दर्गा आहे आणि सगळ्या जातीधर्माचे लोक तिथं येतात. माळावर सुपारीएवढे, जायफळाएवढे गोल दगड मिळतात. वाटेने जाणाऱ्या व्यापाऱ्याने फकिराशी खोटं बोललं आणि त्याच्या मालाचे दगड झाले, अशी कथा सांगतात. भूगर्भाच्या भाषेत ही बेसॉल्टच्या पोकळ्यांत तयार झालेली खनिजं. पायऱ्यांवर फुलं विकणाऱ्या बाईला विचारलं, दगड घरी नेतात का लोक? "नेतात, अन् आणून बी टाकतात. घरी झोप लागत नाही म्हणतात." वरून उत्तरेकडे आमचा माळ शोधला. चौथरा दिसला नाही, पण लॅम्बटनच्या माणसांना या दोन टेकड्या एकमेकींकडे बघताना नक्की दिसल्या असत्या, असं वाटत राहिलं. चौथरा त्यांचा की मालगुजाराच्या मचाणाचा, की आणखी कुणाचा, हे चुन्याचा आणि दगडांचा नीट अभ्यास झाल्यावर ठरेल.

नागपूरला पोचल्यावर दोन्ही पत्रं दिली. विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी फोटो मोठे करून बराच वेळ पाहिले, गोट्यांची गोलाई मोजली आणि उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन प्रत्यक्ष पाहणीला यायचं कबूल केलं. तोवर वर्तुळाच्या भागात रोटावेटर फिरवायचा नाही असं काकांनी ठरवलं आहे. जवळजवळ दोन गुंठ्यांचं पीक सोडावं लागेल. परवा त्यांचा फोन आला. पाइपचा जोड बसवला, खालच्या वावरात चण्याला पाणी सुरू झालं. शेजारच्या दोघांच्याही पाइपलाइन हरवल्या आहेत, येताना मशीन आणा म्हणाले.